पाचवं पान

सोमवार, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेदहा. नासलेल्या द्राक्षांच्या पेट्या एक हजार एकशे चाळीस. खोलीत माणसं चार – आमचे मालक आप्पा, कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर, सुजाता आणि मी. एवढी नोंद माझ्या डोक्यात पक्की आहे. ती कागदावर मात्र आजवर कधी उतरवली नव्हती. त्या खोलीत खरं काय झालं हे गेल्या सहा वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, त्या दिवसापासून मला द्राक्षं आवडेनाशी झाली.

तुम्हाला सांगतोय, म्हणून तुम्ही माझ्या बाजूने मान हलवावी असं काही नाही. उलट हलवू नका.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझी चूक तुम्हाला लहान वाटेल. आळेफाट्याला एका टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं – तीन टेबलं, दोन सोल्डरिंग गन, एक चांगला कॉम्प्युटर. आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलरचे डबे बनवायचो. आठ थंड खोल्या, प्रत्येक खोलीत तापमान सांगणारे सेन्सर, आणि ते बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा हा एक डबा. डब्यात छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या भागाला कर्नल म्हणतात. कर्नलला सगळ्या मेमरीवर हात टाकता येतो. बाहेरच्या प्रोग्रामला – म्हणजे पडद्यावर आकडे दाखवणाऱ्याला – फक्त स्वतःच्या वाट्याची मेमरी दिसते. दुसऱ्याच्या वाट्याला त्याने हात लावायचा नाही, आणि लावलाच तर कर्नल त्याला तिथल्या तिथे बंद पाडतो.

सुजाताने कर्नलसाठी एक ड्रायव्हर लिहिला होता. आठ खोल्यांचे सगळे सेन्सर मिळून तिने एकच यंत्र उभं केलं होतं. व्हर्च्युअल डिव्हाइस. डबा उघडून शोधलंत तर असं यंत्र कुठेच सापडणार नाही, पण कर्नलच्या लेखी ते आहे. दर वेळी आकडे इकडून तिकडे नकलून देण्यापेक्षा तिने ड्रायव्हरची मेमरीच पडद्याच्या प्रोग्रामला जोडून दिली. तीच पानं दोघांना दिसतात, आपापल्या पत्त्यावर. पान म्हणजे चार हजार शहाण्णव बाइट. एका खोलीला अर्धं पान, आठ खोल्यांना चार पानं. हिशेब साधा आहे.

प्रोग्राम ड्रायव्हरला म्हणतो, मला इतकी पानं जोडून दे. ड्रायव्हरने बघायचं असतं – मागतोय तितकी पानं माझ्याकडे आहेत का? हे कर्नल आपणहून बघत नाही. ड्रायव्हर जोड म्हणाला, की तो जोडतो. पाचवं पान मागितलं आणि ड्रायव्हरने मोजलं नाही, तर चौथ्याला लागून जे कोणाचं असेल ते पान प्रोग्रामच्या हातात जातं. तलाठ्याने न बघता शेजाऱ्याचा गट तुमच्या नावावर चढवावा, तसं. आणि मग तुम्ही त्यात नांगर घालता, कारण तुमच्या उताऱ्यावर तो तुमचाच आहे.

मोजणीच्या त्या तपासणीला सुजाताने तीन ओळी लिहिल्या होत्या. त्या तीन ओळी मी काढल्या.

झालं? नाही. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

सुजाता अवसरी खुर्दकडची. वडील ट्रकची इंजिनं दुरुस्त करणारे. इंजिनिअर होऊन ती आमच्याकडे लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि मी चव्वेचाळीसचा. मी पिंपळवंडीचा, आमची जमीन, आमचं घर, आमचं नाव – सगळं जुनं. मी या धंद्यात मीटर आणि रिले यांच्या काळापासून होतो. कर्नल वगैरे मी चाळिशीनंतर शिकलो, रडतखडत शिकलो. तिला ते सगळं असं यायचं, जसं काही जेवताना हात तोंडाकडे जातो. मी तिला पहिल्या महिन्यातच नावडती करून टाकलं. एकदा मी लिहिलेलं काही तिने उघडलं, वाचलं आणि टेबलापलीकडून सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुम्ही पानं मोजलीच नाय. बाहेरच्यानं शंभर मागितली तर शंभर देऊन टाकनार का? लई दानशूर हाय तुमचा ड्रायव्हर." आप्पा हसले. खालून टायरवाला चहा घेऊन आला होता, तोही हसला. त्याला काय कळलं होतं? पण हसला.

ती चूकच होती. तिने दाखवली ते बरंच केलं. मी तेव्हाही हे जाणत होतो. राग त्यामुळे कमी होतो का?

आप्पांनी एका नव्या गिऱ्हाइकाला शनिवारी तीन वाजता डबा दाखवायला बोलावलं होतं. त्याच्याकडे दहा खोल्या होत्या. पडद्याचा प्रोग्राम माझ्याकडे होता, मी त्यात आठचे दहा केले. दहा खोल्या म्हणजे पाच पानं. चालू केला – ड्रायव्हरने पाच पानं द्यायला नकार दिला. तपासणी आपलं काम करत होती. योग्य उपाय एकच: ड्रायव्हरकडची मेमरी चारची पाच पानं करायची. ते कुठे करायचं हे मला सापडेना. सुजाता मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली होती, फोन तिच्याजवळ होता. दोन मिनिटांचं काम. पण फोन केला असता तर ती म्हणाली असती, "काय सर, एवढं पन नाय सापडलं?" आणि मी तीन ओळी पुसून टाकल्या. प्रोग्राम चालू झाला. दहा खोल्यांचे दहा चौकोन पडद्यावर उमटले. गिऱ्हाइक खूश, आप्पा खूश.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. चांगला कॉम्प्युटर एकच होता, म्हणून दोघेही त्याच्यावर बसायचो. प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल तारखेसकट लॉगमध्ये नोंदला जातो, आणि नोंदीवर त्या कॉम्प्युटरमध्ये जे नाव भरलेलं असेल ते आपोआप पडतं. तो कॉम्प्युटर सुजाताने लावला होता. त्यामुळे काम कोणीही करो, नोंदीवर तिचंच नाव यायचं. मग ठरलं की नोंदीखाली ज्याने त्याने आपल्या नावाची अक्षरं टाकायची. नाव बदलून घेणं दहा सेकंदांचं काम होतं. कोणी केलं नाही. अशा रीती दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास असेल तोवर चालतात.

त्या शनिवारी मी नोंदीत लिहिलं – 'डेमोसाठी बदल'. खाली माझी अक्षरं टाकली. आणि खोडली. घाईत राहून गेली असं म्हणता आलं असतं. मी टाकली होती, आणि मग खोडली. का? सोमवारी तिने बघितलं तर तिला कळू नये म्हणून. एवढंच. त्या क्षणी तिच्या नावावर काही घालायचा विचार नव्हता – पण हे मी माझ्या बाजूने मांडत नाही, फक्त क्रम नीट लागावा म्हणून सांगतो.

सोमवारी ती आली. मी तिला काही बोललो नाही. तिच्याकडे दुसरं काम होतं, तिने ड्रायव्हर उघडला नाही. त्याच आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकाचं कोल्ड स्टोरेज – आठ खोल्यांचंच – तिथे नवा डबा बसवायचा होता. बसवायला मी गेलो. त्यात तोच प्रोग्राम होता, दहा खोल्यांचा, आणि तोच ड्रायव्हर, तीन ओळी कमी असलेला. मला माहीत होतं. शिडीवर उभा राहून मी स्क्रू आवळत होतो आणि मला माहीत होतं, की माझा प्रोग्राम दर मिनिटाला प्रत्येक खोलीच्या जागेत 'वाचलं' अशी खूण लिहितो, नवव्या आणि दहाव्या खोलीच्या जागेतसुद्धा, आणि ती जागा आपली नाही.

एकोणीस दिवस काही झालं नाही. ते पाचवं पान तेव्हा रिकामं पडून होतं, कोणी वापरत नव्हतं. विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, कर्नलने ते स्वतःच्या कशाला तरी घेतलं. माझा प्रोग्राम त्यावर खूण लिहीत राहिला. डबा गोठला. पडदा जसा होता तसा थांबला – तिसऱ्या आणि चौथ्या खोलीत अर्धा अंश, तसाच. त्या दोन्ही खोल्यांचे कॉम्प्रेसर नेमके त्या घडीला बंद होते, ते बंदच राहिले. धोक्याची घंटा वाजवायचं कामही त्याच डब्याचं, म्हणून घंटा वाजली नाही. राखणदाराने दर तासाला पडदा बघून वहीत 'अर्धा' लिहिलं. बावीस वेळा. सोमवारी पहाटे दार उघडलं तेव्हा आत सतरा अंश होते.

आता ती खोली. आप्पांनी नोंदींचा कागद छापून आणला होता. त्यांना त्यातलं फार कळत नसे, पण नाव वाचता येत होतं.

"ह्या तीन वळी कोनी काढल्या?"

सुजाताने कागद ओढून घेतला. वाचला. "मी नाय काढल्या."

"नाव तुजं हाय."

"नाव मशीनचं हाय, आप्पा. खाली अक्षरं कुठं हायेत? मी कायम टाकते. विचारा सरांना."

सगळे माझ्याकडे वळले. मॅनेजर, आप्पा, ती. तिच्या तोंडावर अजून राग नव्हता. एक साधी गोष्ट मी सांगेन आणि विषय संपेल, असं तिला वाटत होतं. आणि साधी गोष्टच होती. त्या मशीनवर कोणीही बसलं तरी तिचं नाव येतं – हे एक वाक्य. मी काढल्या, हे त्याहून लहान वाक्य.

मी म्हणालो, "लॉगमध्ये जे असतं ते असतं."

ती माझ्याकडे किती वेळ बघत होती सांगू? मी मोजलं नाही. मी, जो पेट्रोल भरतानासुद्धा आकडा पुटपुटतो.

"बरं," ती म्हणाली. बॅग उचलली. दारातून वळून मॅनेजरला म्हणाली, "भाऊ, ती चूक आधी दुरुस्त करून घ्या. तो डबा परत बंद पडंल. पाच पानं मागतोय त्यो, हायेत चार." आणि जिना उतरून गेली. तिला काढून टाकायची आप्पांना गरजच पडली नाही.

मग आप्पा मला म्हणाले, "आपलं मानूस ठेवायला पायजे व्हतं त्या जागी." सुजाता बौद्ध घरातली. आप्पा आणि मी एकाच जातीचे, लांबून पाहुणेही. त्या 'आपलं'चा अर्थ काय हे मला कोणी सांगायला नको होतं. मी जातपात मानत नाही असं मी कॉलेजापासून सांगत आलेलो माणूस आहे. मी मान हलवली. बरं वाटलं – हेही लिहितो. खांद्यावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं बरं वाटलं.

दुपारी मी तीन ओळी परत घातल्या आणि चाराची पाच पानं केली. कुठे करायची ते सापडायला मला पंधरा मिनिटं लागली. शनिवारी माझ्याकडे तेवढी मिनिटं होती.

तुम्ही म्हणाल, नोकरी जाण्याची भीती होती, घर होतं, दोन मुलं शिकत होती. होती. त्या खोलीपुरतं कोणी मला भित्रा म्हटलं तर मी ते घेईन. भित्र्या माणसाला लोक समजून घेतात. पण मला सांगायचं आहे ते ते नाही. मी तिथे अजून पोचलोच नाही.

पुढे तीन वर्षांनी आप्पा वारले, कारखाना बंद झाला. मी घरीच मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करू लागलो. एके दिवशी सकाळी टोमॅटोच्या सरीत ठिबकची नळी जोडत होतो, तेव्हा फोन आला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून एक बाई. नीट बोलणारी, सावकाश. म्हणाली, सुजाताने आमच्याकडे अर्ज केलाय, निवड जवळजवळ झाली आहे, जुन्या कामाच्या ठिकाणचं नाव म्हणून तुमचं दिलंय. तिच्या कामाबद्दल दोन शब्द सांगाल का?

या वेळी खोलीत कोणी नव्हतं. खोलीच नव्हती. आप्पा नव्हते, पेट्या नव्हत्या, जाण्यासारखी नोकरी नव्हती. मला कोणी धरून विचारत नव्हतं. ऊन कोवळं होतं, बायको बांधावर शेंगा तोडत होती. चांगलं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? काहीही नाही. शून्य.

मी म्हणालो, "हुशार आहे. फार हुशार. फक्त एक – तपासण्या काढून टाकायची सवय आहे तिला."

सवय. हा शब्द मी शोधून वापरला. 'एकदा चूक झाली होती' एवढं म्हटलं असतं तरी ते खोटंच होतं, पण जुनं खोटं होतं. सवय म्हणजे पुन्हा पुन्हा. तिने ती तपासणी शून्य वेळा काढली होती. आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. बाईंनी विचारलं, काही उदाहरण देता येईल का? मी उदाहरण दिलं. पानांचा हिशेब समजावून सांगितला, चार आणि पाच, एकोणीस दिवस, एक हजार एकशे चाळीस पेट्या. सगळे आकडे बरोबर. मी समजावतो छान, बाईंनी तसं म्हटलंही. चार मिनिटं बोललो. मग नळी जोडायला बसलो आणि सरी पुरी केली.

बायकोने विचारलं, "कोनाचा वं फोन?" मी म्हणालो, "कंपनीवाल्यांचा." हे तेवढं खरं होतं.

गेल्या वर्षी ती मला आळेफाट्याला भेटली. मी नाशिककडच्या बससाठी उभा होतो, ती मंचरकडे निघाली होती. मी तिला आधी पाहिलं आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागे सरकलो. तिने सरळ येऊन गाठलं.

"काय सर, रस पिताय का लपताय?"

तब्येत, मुलं, पाऊसपाणी – झालं. ती आता स्वतःच सोलर पंपांचे कंट्रोलर बनवते, दोन पोरी हाताखाली आहेत. मग अगदी त्याच आवाजात म्हणाली, "पुण्यावरनं फोन आला व्हता ना तुमाला? मागं?"

मी हो म्हणालो.

"जुन्या कामावरचं एक नाव लागतंच म्हनाले. आप्पा तर गेले. आमचे दादा म्हनाले, त्याचं नाव देऊ नको, त्यो घात करनार. मी म्हनलं, नाय दादा. तवा त्याला नोकरी वाचवायची व्हती. त्या मशीनवर दोघंच बसायचो आमी, मला काय कळत नव्हतं व्हय? पन आता कशाला खोटं बोलंल? आता त्याला काय कारण हाये?"

मंचरची बस लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. ती जागची हलली नाही.

"नोकरीचं जाऊ द्या सर. बरंच झालं एका अर्थी. मला फकस्त कारण सांगा. एक तरी."

ती बस गेली. दुसरी आली, भरली, तीही गेली. ती उभीच. रसवाला आमच्याकडे बघत होता. तिने मला पुरेपूर वेळ दिला, हे मी कबूल करतो. तिसरी बस आली तेव्हा मी म्हणालो, "आता नीट आठवत नाही."

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली आणि चढली.

मला आठवत होतं. ती माझ्यापेक्षा चांगली होती, आणि ती त्या घरातली होती. यातली कोणतीही एक गोष्ट मी चालवून घेतली असती. दोन्ही एकत्र मला सहन होत नव्हत्या.